पानथरीचा कॅन्सर आणि "किती दिवस?" हा प्रश्न



पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये यकृत, पित्ताशय, किडन्या यांच्या मधे 'स्प्लीन'ची एक ओळ असते. बहुतेकांची नजर तिच्यावरून तशीच पुढे जाते. पण त्या ओळीत 'स्प्लिनोमेगाली' असा शब्द छापून आला, की दवाखान्यात पोहोचायच्या आधीच मोबाईलवर शोध सुरू होतो आणि तासाभरात गाडी कॅन्सरवर येऊन थांबते. शिरोली एमआयडीसीत प्रॅक्टिस करताना असे घाबरलेले चेहरे मी नेहमी बघतो. त्यातल्या बहुतेकांना मी "कॅन्सर नाही" असं सांगून घरी पाठवू शकतो. मोजक्या काहींना मात्र तसं सांगता येत नाही. आजचा लेख दोघांसाठीही आहे.

पानथरी असते कुठे आणि करते काय?

आयुर्वेदात आणि शाळेच्या पुस्तकात जिला प्लीहा म्हणतात, तीच आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात ती पानथरी. पोटात डावीकडे, वरच्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती असते. मोठ्या माणसाच्या पानथरीचं वजन साधारण १५० ग्रॅम आणि लांबी १२ सेंटीमीटरच्या आत. निरोगी माणसात ती बरगड्यांखाली लपलेली असते, म्हणून हाताला लागत नाही. डॉक्टर पोट तपासताना "मोठा श्वास घ्या" म्हणतात, तेव्हा ते यकृत आणि पानथरी खाली सरकून बोटांना लागतात का, हेच बघत असतात.

तिची कामं मुख्यतः दोन. पहिलं गाळणीचं. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. म्हाताऱ्या झालेल्या पेशी वेगळ्या काढून मोडीत घालण्याचं काम पानथरी करते. दुसरं काम पहाऱ्याचं. न्यूमोकोकससारखे काही जिवाणू रक्तात शिरले, तर त्यांना पकडण्यात तिचा मोठा वाटा असतो. पानथरी काढली तरी माणूस जगतो, पण हा पहारेकरी गेलेला असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

पानथरी वाढली म्हणजे कॅन्सरच का?

नाही. आपल्याकडे पानथरी वाढण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात. मलेरिया, टायफॉईड, डेंग्यू यांत ती थोडी वाढते आणि ताप गेल्यावर कमी होते. दारूने किंवा काविळीच्या विषाणूने यकृत कडक झालं, की रक्ताचा दाब मागे पानथरीवर येतो आणि ती मोठी होते. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि टीबी ही आणखी कारणं.

आमच्या फौंड्र्यांमध्ये बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेले बरेच कामगार आहेत. तिकडून आलेल्या माणसाला लांबलेला ताप असेल आणि पानथरी खूप मोठी लागली, तर मी काळा आजार या रोगाचा विचार आधी करतो. हा वाळूमाशी चावल्याने होतो, कॅन्सर नाही, आणि औषधाने बरा होतो. म्हणून पानथरी वाढलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "गाव कुठलं?"

मग कॅन्सर कोणते?

पानथरीतल्या कॅन्सरचे सोयीसाठी तीन गट करू.

पहिला गट रक्ताच्या आणि लसिकापेशींच्या कॅन्सरचा. यांत पानथरी ही मूळ जागा असते किंवा मुख्य मुक्कामाची जागा. क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा यातला त्यातल्या त्यात नेहमी भेटणारा. हेअरी सेल ल्युकेमिया आणि स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा हे दुर्मीळ. हेपॅटोस्प्लेनिक टी-सेल लिम्फोमा अतिदुर्मीळ, तरुण पुरुषांत जास्त दिसणारा आणि फार आक्रमक.

दुसरा गट पानथरीच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांपासून होणारा, म्हणजे अँजिओसार्कोमा. हा दर कोटी लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला एखादा रुग्ण, कदाचित तोही नाही.

तिसरा गट दुसरीकडून पसरून आलेल्या कॅन्सरचा. स्तन, फुप्फुस, अंडाशय, आतडं किंवा त्वचेचा मेलानोमा यांच्या पेशी कधी कधी पानथरीत येतात. पण तोवर आजार बहुधा इतर ठिकाणीही पोहोचलेला असतो.

या तिन्ही गटांना "पानथरीचा कॅन्सर" असं एकच नाव दिलं, तर मोठी गल्लत होते. यातल्या एका आजारात रोज गोळी घेऊन माणूस नातवंडं खेळवतो, तर दुसऱ्यात वर्षही पुरं होत नाही. म्हणून कुणी "पानथरीचा कॅन्सर आहे" एवढंच सांगितलं, तर घाबरण्याआधी विचारा, "नेमका कुठला?"

डाव्या कुशीतली गाठ आणि एक गोळी

१८४५ साली स्कॉटलंडमध्ये एडिनबरा इथे जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या कामगाराची नोंद लिहिली. तो घरांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवायचं काम करायचा. त्याच्या पोटात डावीकडे गाठ वाढत गेली, थकवा आला आणि तो दगावला. ती गाठ म्हणजे त्याची प्रचंड वाढलेली पानथरी होती आणि रक्त पांढऱ्या पेशींनी भरलेलं होतं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्शो यांनीही असाच रुग्ण नोंदवला. ल्युकेमिया या आजाराची ओळख वैद्यकाला झाली ती अशी, वाढलेल्या पानथरीच्या वाटेने.

या आजाराचं मूळ सापडायला शंभरावर वर्षं गेली. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक खुरटलेलं गुणसूत्र दिसलं. १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखवलं, की दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसं होतं. या अदलाबदलीतून एक चुकीचं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना "वाढत राहा" असा हुकूम सोडत राहतं. ते प्रथिन रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली.

ही गोळी येण्यापूर्वी सीएमएलचे बहुतेक रुग्ण तीन ते पाच वर्षांत जायचे. इमॅटिनिबच्या मुख्य चाचणीचे दीर्घकाळचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

पण गोळी शोधली म्हणून ती शिरोलीच्या कामगाराला मिळाली असं नाही. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. मूळ कंपनीने काही रुग्णांना मोफत गोळ्या देण्याची योजनाही चालवली. तिने भारतात पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने आणि भारतीय कंपन्यांनी त्याला विरोध केला. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानेही पेटंट नाकारलं. स्वस्त गोळीचा रस्ता खुला राहिला. जगण्याचं प्रमाण ठरवण्यात औषधाची किंमत किती मोठी गोष्ट असते, हे मी रुग्णांना या उदाहरणावरून सांगतो.

बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

माझ्याकडे एक तरुण आला होता. फेटलिंगला काम करणारा, वय तिशीच्या पुढे. (या लेखातल्या रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार एवढीच, "अर्धी भाकरी खाल्ली की पोट टच्च भरतंय." त्याला वाटत होतं ॲसिडिटी. पोटावर हात ठेवला, तर पानथरी बेंबीपर्यंत आलेली. वाढलेली पानथरी जठराला दाबते, म्हणून थोड्याशा जेवणानेही पोट भरतं. रक्ताची साधी तपासणी, सीबीसी केली. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असायला हव्यात, त्या दोन लाखांवर होत्या. पुढे बीसीआर-एबीएल नावाची तपासणी झाली आणि सीएमएल निश्चित झाला.

गोळी सुरू झाली. काही महिन्यांत पानथरी बरगड्यांआड गेली, तो ओव्हरटाइमसुद्धा करू लागला. दीड वर्षानंतर त्याने नोकरी बदलली. नव्या ठेकेदाराला आजार कळला तर काम जाईल या भीतीने त्याने डबा आणि गोळी एकत्र नेणं बंद केलं, आणि मग गोळीच बंद केली. घरात कुणालाही सांगितलं नाही. सात महिन्यांनी बायको त्याला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांचं पोट परत वर आलंय."

त्याची तपासणी पुन्हा बिघडली होती. जुन्या गोळीने आजार आता आवरेना, म्हणून रक्तविकारतज्ज्ञांनी दुसरी, जास्त ताकदीची गोळी दिली आणि आजार ताब्यात आला. आज तो कामावर आहे. पण प्रत्येकाचं असं निभावतं असं नाही. गोळी सुटल्यावर हा आजार उलटून तीव्र ल्युकेमियाचं रूप घेऊ शकतो, आणि मग ती वेगळीच लढाई असते. काही निवडक रुग्णांत बरीच वर्षं तपासणी अगदी स्वच्छ राहिली, तर तज्ज्ञ देखरेखीखाली गोळी थांबवून बघतात, हे खरं आहे. तो निर्णय तज्ज्ञांचा आणि वारंवार तपासणी करून घ्यायचा असतो. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही.

बाकीच्या आजारांत काय होतं?

हेअरी सेल ल्युकेमिया पुरुषांत बराच जास्त. थकवा, वारंवार जंतुसंसर्ग आणि मोठी पानथरी ही त्याची चिन्हं. क्लॅड्रिबिन या औषधाच्या एकाच कोर्सने बहुतेकांचा आजार अनेक वर्षं शांत राहतो.

स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा सहसा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो आणि सावकाश चालतो. त्रास नसेल तर तज्ज्ञ नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. "कॅन्सर आहे आणि औषध नाही म्हणता?" असं नातेवाईक चिडून विचारतात. पण यात उपचार लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढतंच असं दिसलेलं नाही, उगाच औषधांचा त्रास मात्र होतो. गरज पडली की रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं देतात किंवा पानथरी काढतात. सोबत हिपॅटायटिस सी असेल, तर त्यावरच्या उपचारानेच कधी कधी लिम्फोमा मागे हटतो. या आजाराचे निम्म्याहून जास्त रुग्ण दहा वर्षांच्या पुढे जगतात.

अँजिओसार्कोमाची गोष्ट वेगळी आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये तो एकदाच बघितला. जवळच्या गावातल्या, पन्नाशी उलटलेल्या एक बाई. डाव्या कुशीत सतत दुखणं, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स दोन्ही कमी. सीटी स्कॅनमध्ये पानथरीत गाठी दिसल्या आणि यकृतातही ठिपके. या आजारात पानथरी आतल्या आत फुटून जोराचा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून शक्य असेल तर ती फुटण्याआधी काढणं महत्त्वाचं. त्यांची काढली. पण यकृतात आधीच पसरलेलं होतं.

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तिला काय बी सांगू नगासा." तो वाईट हेतूने बोलत नव्हता, तिला जपत होता. पण बाईंनी स्वतःच विचारलं, "मला काय झालंय ते मला सांगा. तीन म्हशी हायत माझ्या. त्या कुणाच्या जिवावर सोडू?"

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. आजार बरा होणारा नाही. औषधाने काही काळ आवरेल. बहुतेकांना वर्षापेक्षा कमी वेळ मिळतो, काहींना जास्त. दुखणं मात्र आपण आवरू शकतो, आणि त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या लागल्या तरी घाबरायचं नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग एक इकू. दोन सुनेला शिकवते."

त्या अकरा महिने जगल्या. त्यातले आठ-नऊ महिने घरात, हिंडत्या-फिरत्या. सून धारा काढायला शिकली. डेअरीचं खातं तिच्या नावावर झालं. आजार लपवला असता, तर हे महिने तेवढेच मिळाले असते, पण त्यात ही कामं झाली नसती. नवरा नंतर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "सांगितलंसा ते बरं झालं."

"किती दिवस?" याचं उत्तर कसं समजून घ्यायचं?

इंटरनेटवर "सर्व्हायवल इतके महिने" असं लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा मध्यक असतो. समजा, शिरोलीहून कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये अकरा जण चढले. तीन तावडे हॉटेलला उतरले, तीन मार्केट यार्डला, तीन स्टँडवर आणि दोघं थेट रंकाळ्यापर्यंत गेले. मधला, म्हणजे सहावा प्रवासी मार्केट यार्डला उतरला. मार्केट यार्ड हा झाला मध्यक. पण बस तिथे संपत नाही. पाच जण पुढे गेले आणि दोघं तर फार पुढे. तुमचा माणूस त्यातला कुठला, हे आकडा सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाच किंवा दहा वर्षांच्या जगण्याचे आकडे हे तेवढ्या वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचे असतात, त्यामुळे नव्या औषधांचा फायदा त्यांत दिसत नाही. आणि फार दुर्मीळ आजारात आकडे मोजक्या रुग्णांवरून काढलेले असतात, त्यामुळे ते ढोबळच समजायचे.

तुमच्या माणसाचं काय होईल, हे ठरतं ते आजाराचा नेमका प्रकार, तो किती पसरलाय, वय, इतर आजार, औषधाला प्रतिसाद आणि उपचार नियमित घेणं यांवर. शेवटची गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

पानथरी काढावी लागली तर

ठरवून ऑपरेशन असेल, तर शक्यतो दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी घ्या. तातडीने काढली असेल, तर नंतर घ्या. फ्लूची लस दरवर्षी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पानथरी नसलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. त्याच रात्री दवाखाना गाठायचा, कारण काही तासांत जंतुसंसर्ग अंगभर पसरू शकतो. कुत्रं चावलं तर रेबीजच्या लसीबरोबर अँटिबायोटिकसाठीही लगेच दाखवा आणि पानथरी काढलेली आहे हे सांगा. ही माहिती एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

फौंड्रीच्या धुराने होतं का?

हा प्रश्न इथे हमखास येतो. फौंड्रीतल्या कामाचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मान्य केलेला आहे, आणि सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. म्हणून मास्क हवाच. पानथरीच्या कॅन्सरशी असा संबंध सिद्ध झालेला नाही. "माझ्या कामामुळे झालं" किंवा "त्यांना मीच या कामाला लावलं" असं मनाला लावून घेऊ नका.

पैसा आणि रजा

ईएसआय कापला जात असेल, तर कॅन्सरवरचे उपचार त्यातून मिळतात. आजारपणाची नेहमीची रजा ९१ दिवसांची असते. पण ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत कॅन्सर आहे, आणि अटी पूर्ण होत असतील तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. अनेक कामगारांना हे माहीतच नसतं आणि ते आजार लपवून काम करत राहतात. ईएसआय नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एकदा मत घ्यावं असं दुर्मीळ आजारात मी आवर्जून सांगतो. रोजचे उपचार बऱ्याचदा कोल्हापुरातच होऊ शकतात.

कधी दाखवायचं?

- थोडं खाल्लं तरी पोट भरतंय आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय
- डाव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणं, कधी डाव्या खांद्यापर्यंत जाणारं
- कारण नसताना वजन उतरणं, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम
- लांबलेला ताप, वाढता थकवा, अंगावर निळे डाग

पोटात डावीकडे एकदम जोराची कळ येऊन चक्कर आली, तर मात्र वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा. पानथरी फार वाढली असेल, तर जोराने पोट चोळून घेऊ नका आणि पोटाला मार लागेल असं काम टाळा.

सुरुवात सीबीसी आणि सोनोग्राफीने होते. या दोन तपासण्यांतून बहुतेक वेळा पुढची दिशा कळते. तज्ज्ञांकडे गेलात तर चार प्रश्न कागदावर लिहून न्या. आजाराचं नेमकं नाव काय? किती पसरलाय? उपचाराचा हेतू बरा करण्याचा, ताब्यात ठेवण्याचा की त्रास कमी करण्याचा? आणि उपचार चुकला तर काय होईल?

पाचवा प्रश्न, "किती दिवस?" हाही विचारा. पण रुग्णाला तो ऐकायचा आहे का, हे आधी त्यालाच विचारा. त्याला नको असेल तर सक्ती करू नका. हवा असेल तर लपवू नका.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतंही औषध सुरू किंवा बंद करू नका.)